रशियन साहेबांचा सोलापुरी सिनेमा

आमचे हे मुंबईला सिनेमाची रिळं आणायला गेले आणि येताना माणूस घेऊन आले.

त्या काळी सोलापुरात आमचं पत्र्याच्या छपराचं एक थिएटर होतं. थिएटर म्हणायचं आपलं. पुढं सतरंज्या, मागं बाकं, डाव्या अंगाला पडदा ओढून बायकांची जागा, आणि समोर एक हार्मोनियमवाला व तबलजी. मूकपटांचे दिवस होते. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची आणि मधूनमधून अक्षरं यायची. ती अक्षरं हे स्वतः उभं राहून खणखणीत आवाजात वाचायचे, कारण बसलेल्यांत वाचता येणारे थोडेच. इंग्रजी अक्षरं आली की मात्र यांची पंचाईत व्हायची. मी माहेरी मॅट्रिकपर्यंत शिकलेले. नवा सिनेमा आला की त्यातल्या इंग्रजीचं मराठी करून मी कागदावर उतरवून द्यायचे. माझा सिनेमाशी संबंध तेवढाच.

त्या दिवशी दारात टांगा थांबला. आधी दोन लांबलचक पाय खाली आले, मग बऱ्याच वेळानं त्यांच्यावरचा माणूस आला. पन्नाशीचा असावा. पांढरट पिवळे केस, कोपरावर ठिगळ लावलेला कोट, आणि तान्ह्या मुलाला धरावं तशी छातीशी धरलेली एक लाकडी पेटी.

मी यांना आत बोलावून विचारलं, "हे कोण?"

"रशियन आहेत. मोठे नट आहेत. दिग्दर्शकही आहेत."

"आणि रिळं?"

यांनी डोक्यावरची टोपी काढली. "रिळं राहिली."

झालं होतं ते असं. मुंबईच्या ज्या स्टुडिओत हे गेले, तिथं बोलपट काढायची घाई चालली होती. मालकांनी या गृहस्थांना सांगितलं होतं, तुम्हाला आमच्या नटांची भाषा येत नाही, आता तुमचं काय काम? ते आपल्या ट्रंकेवर अंगणात बसले होते. यांनी त्यांच्याकडे काडेपेटी मागितली, त्यांनी काडी पेटवून देताना वारा, विझणारी काडी आणि भाजलेलं बोट असं सगळं काही न बोलता करून दाखवलं. हे पोट धरून हसले आणि म्हणाले, "चला सोलापूरला."

घरात इंग्रजी समजणारी मी एकटी. साहेबांचं इंग्रजी माझ्याहूनही अशक्त. पहिले दोन दिवस मी दाराआडून बोलले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुमच्या घरातलं दार फार छान इंग्रजी बोलतं. कुठं शिकलं?" मला हसू आवरेना. तशी हसतच मी बाहेर आले, ती पुन्हा काही दाराआड गेले नाही.

रोज दुपारी ओसरीवर ते पेल्यातून बिनदुधाचा चहा घेत आणि आपली हकीकत सांगत. वडील घोड्यांचे डॉक्टर. मुलानंही घोडेच बघावेत अशी त्यांची इच्छा. मुलगा मात्र आजारी घोड्यांच्या चालीची नक्कल करून बहिणींना हसवायचा. सतराव्या वर्षी गावात आलेल्या नाटक मंडळीबरोबर पळाला. उंची एवढी की नायकाचं काम मिळेना, कारण नायिका जेमतेम छातीशी पोचायची. मग कंपनीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची कामं त्याच्याकडे आली. वाकून चाललं की उंची कळत नसे. विसाव्या वर्षी तो सत्तरीचा म्हणून साऱ्या प्रांतात गाजला.

पुढं त्या देशात सिनेमा आला. पहिल्याच सिनेमात साहेब एका चिडक्या सरदाराच्या वेषात होते. रागानं मिशी ओढायची होती. ओढली, तर खोटी मिशी हातात आली. त्यांनी न गडबडता ती घडी करून खिशात ठेवली आणि तसेच रागावत राहिले. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या सिनेमात मुद्दाम निघणारी मिशी दिली. नंतर त्यांनी स्वतः चार सिनेमे काढले. पाचवा अर्धा झाला आणि देशात उलथापालथ झाली.

"नायक एका पक्षाला मिळाला, खलनायक दुसऱ्या," साहेब सांगायचे. "मधल्या मैदानात कॅमेरा घेऊन मी. दोन्हीकडून गोळ्या येत होत्या. प्रकाश मात्र फार सुंदर होता."

ते जहाजानं निघाले. इस्तंबूलला बशा विसळल्या, इराणात श्रीमंतांच्या मुलांना नाच शिकवला, आणि फिरत फिरत मुंबईला लागले. मुंबईच्या मूकपटांत त्यांना दोनच प्रकारची कामं मिळाली, गोऱ्या अधिकाऱ्याचं नाहीतर भुताचं. अधिकारी दर वेळी मरायचा. घोड्यावरून पडून, विहिरीत बुडून, एकदा तर वाघाच्या तावडीत सापडून. "भुताचं काम बरं," ते म्हणायचे, "त्यात मरणं आधीच उरकलेलं असतं."

आठवडाभरात एक फौजदार चौकशीला आले. आमचं गाव गिरणीकामगारांचं, आणि रशिया म्हटलं की सरकारच्या पोटात गोळा उठायचा. ओसरीवर बसून त्यांनी कडक आवाजात विचारलं, "हे इथं काय करायला आलेत?"

मी भाषांतर केलं. साहेब उठले आणि त्यांनी छातीत गोळी लागल्याचं करून दाखवलं. खांबाला धरून डुलले, घसरले, पुन्हा सावरले, डोक्यावरची हॅट काढून नीट खुंटीला अडकवली, आणि मग धाडकन पडले. फौजदार ताडकन उभे राहिले. साहेब उठून कपडे झटकत होते.

फौजदारांनी घसा साफ केला. "बाई, परत एकदा दाखवतील का म्हणावं?"

दुसरं मरण बघून झाल्यावर त्यांनी वहीत 'इसम निरुपद्रवी आहे' असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले.

यांच्या डोक्यात आता एकच घोळत होतं. गावात किल्ला आहे, तळं आहे, ऊन तर फुकटचं. साहेबांच्या पेटीत त्यांचा हातानं मूठ फिरवायचा कॅमेरा होता. मग आपलाच सिनेमा का काढू नये? साहेबांनी गोष्ट रचली. एका धनगरणीचा एकुलता मुलगा किल्ल्यातल्या सरदाराच्या फौजेत जातो. बऱ्याच वर्षांनी मोठा शिलेदार होऊन परत येतो, तो गावाची मेंढरं जप्त करायला. आईला ओळखत नाही. आई मेंढरांना हाक घालते, साऱ्या मेंढरांच्या माना वळतात, आणि त्यांच्याबरोबर त्याचीही मान वळते.

मी म्हटलं, "पण साहेब, मुक्या सिनेमात हाक ऐकू कशी येणार?"

"ऐकू येणार नाही. दिसेल," ते म्हणाले.

सरदार सापडायला वेळ लागला नाही. आमच्याकडे येणारे टांगेवाले चाचा उंचेपुरे, मेंदी लावलेली दाढी, नजर अशी की घोडा आपोआप थांबावा. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हौ, करते ना. घोडे कू बी कुछ काम देओ." मुलगा मिळाला पद्मशाली विणकरांच्या वस्तीत. मागावर बसलेला, रुंद खांद्यांचा, घरी तेलुगू आणि बाहेर अडखळत मराठी बोलणारा तरुण. आई मात्र मिळेना. चांगल्या घरच्या बायका सिनेमात काम करणं शक्य नव्हतं. मुंबईहून आणावी तर साहेब म्हणाले, "मला पावडर लावलेली धनगरीण नको."

म्हणून चाचांच्या टांग्यातून आम्ही मंद्रूपच्या आठवडी बाजाराला गेलो. तिथं घोंगड्यांच्या ढिगावर एक बाई बसली होती. पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, कपाळावर आडवं कुंकू, कानात जड बुगड्या. एक गिऱ्हाईक घोंगडी उलटीपालटी करत भाव पाडत होतं आणि ती एक शब्द न बोलता नुसती त्याच्याकडे बघत होती. थोड्या वेळानं गिऱ्हाईकच ओशाळून म्हणालं, "बरं, तुमी सांगाल ते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "हीच."

समजूत घालायला बराच वेळ लागला. सिनेमा तिनं बघितलेला नव्हता. खोक्यात माणसं भरतात एवढं ऐकून होती. शेवटी चाचांनी सगळ्यांना चहा आणला. साहेबांनी बाजारातून गुळाचा खडा घेतला, दातांत धरला आणि त्यावरून चहाचे घोट घ्यायला लागले. त्यांच्याकडे साखर अशी दातांत धरून चहा पितात. बाई बघत राहिली.

"आगं बया," ती मला म्हणाली, "ह्यो तर आपल्यातलाच हाय की."

"मग येणार ना मावशी?"

"यीन. पर म्येंढरं संगट येत्याल. त्यास्नी कुटं सोडू?"

साहेबांना हेच तर हवं होतं.

किल्ल्यात काम सुरू झालं आणि अर्धं सोलापूर तटावर चढून बसायला लागलं. उजेड परतवायला आम्ही डब्यांचे पत्रे ठोकून सपाट केले होते आणि पांढऱ्या चादरी ताणून धरल्या होत्या. मूठ फिरवायचं काम यांच्याकडे आलं. साहेबांनी त्यांना मनात आकडे मोजत एका लयीत फिरवायला शिकवलं. हे घरीही जात्याची मूठ धरून सराव करायचे, तेवढीच मला दळणाला मदत.

सिनेमा मुका, तेव्हा कोण काय बोलतं याला महत्त्व नव्हतं. चाचा सरदाराच्या वेषात दख्खनीत गरजायचे. विणकर तेलुगूत उत्तर द्यायचा. मावशी आपल्या बोलीत दोघांना झापायची, आणि साहेब कॅमेऱ्याशेजारून रशियनमध्ये ओरडायचे. एकदा मी म्हटलं, "यांना एकमेकांचं कळतं तरी का?" साहेब म्हणाले, "बघा ना, कोण थांबतंय?" खरंच, चाचांचं बोलणं संपलं की बरोबर त्या क्षणाला मुलाची मान खाली जायची.

साहेब मराठी शिकले ते मावशीकडून. त्यामुळं पंचाईत व्हायची. नगरपालिकेतले एक वजनदार गृहस्थ चित्रण बघायला आले, तेव्हा साहेबांनी पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि प्रेमानं विचारलं, "काय रं, बरा हाय न्हवं? लई वाळलास की." हे चादरीआड लपले. ते गृहस्थ क्षणभर लाल झाले, मग इतके हसले की पगडी सांभाळावी लागली. त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले.

मुलाच्या निरोपाचा प्रसंग मात्र अडला. मावशीनं रडायला हवं होतं.

"रडू? कशापायी?" ती म्हणाली. "माजा ल्योक तर त्यो तितं हाय. म्येंढरं राकतोय."

"मावशी, हे खोटं खोटं," हे म्हणाले.

"मालक, खोटं रडाया मला न्हाय येत. आमच्यात कोन ग्येल्याबिगर रडत न्हाईत."

ग्लिसरीन लावायचं, कांदा चिरायचा, सगळे उपाय सुचवून झाले. साहेबांनी हातानंच सगळ्यांना गप्प केलं. मला म्हणाले, "आता भाषांतर करायचं नाही." यांच्या कानात ते काहीतरी बोलले. मग मावशीच्या खांद्यावरची घोंगडी त्यांनी अलगद काढून स्वतःच्या अंगावर घेतली आणि दगडावर बसले.

बसता बसताच ते बाई झाले. कसं ते मला आजही सांगता येत नाही. पाठीचा बाक, गुडघ्यावरचा हात, सगळं मावशीचं. समोर नसलेली भाकरी त्यांनी फडक्यात बांधली. गाठ मारली. पुन्हा सोडली, आत चटणी ठेवली, पुन्हा गाठ मारली. परत सोडली, अजून एक भाकरी घातली. मुलगा समोर घाई करतोय हे आम्हाला त्यांच्या मान हलवण्यावरून कळत होतं. शेवटी गाठोडं दिलं. मुलाच्या पाठीवरून हात फिरवायला गेले, पण तो निघून गेला होता, हात हवेतच राहिला. ते बघत बसले. बराच वेळ. मग खाली नजर गेली, तर मुलाचा पाण्यानं भरलेला वाळका भोपळा तिथंच राहिलेला. तो उचलून ते दोन पावलं धावले आणि थांबले. मुलगा दिसेनासा झाला होता. भोपळा पोटाशी धरून ते मटकन खाली बसले.

मावशीनं तोंडाला पदर लावला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याच वेळी साहेबांनी हॅट काढली. यांच्या कानात सांगून ठेवलेली खूण तीच. हे मूठ फिरवायला लागले. रडत हेही होते, त्यामुळं ते चित्र जरा थरथरतं आलं.

सगळं झाल्यावर मावशीला कळलं. ती उसळलीच. "व्हय रं लबाडा? माजं रडं त्या खोक्यात भरलंस?"

मी भाषांतर करायच्या आत साहेबांनी कान पकडले.

"आसं न्हाय चालनार," ती म्हणाली. "बस हितं. आता मी करती."

आणि तिनं आपल्या सासूची नक्कल केली. लोकर पिंजता पिंजता सुनेला बोलणारी, बोलता बोलता लोकर नाकात गेलेली, शिंकेतच पुढची शिवी अडकलेली सासू. साहेब हसून हसून गवतात लोळले. चाचा टांग्याला धरून हसत होते. साहेब डोळे पुसत यांना म्हणाले, "घेतलंत ना?" हे मूठ सोडून टाळ्या वाजवत होते. साहेबांनी कपाळावर हात मारला. संध्याकाळी ओसरीवर ते मला म्हणाले, "मी चार सिनेमे स्वतः केले, कितीतरी दुसऱ्यांचे केले. एवढं चांगलं काम कधी बघितलं नव्हतं, आणि बघितलं तेव्हा मूठ कुणी फिरवत नव्हतं." पण बोलताना पुन्हा हसत होते.

साहेबांनी स्वतःसाठी एक छोटं काम ठेवलं होतं, किल्ल्याच्या दरवाज्यावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं. तो लढाईत मरतो, हे वेगळं सांगायला नको.

रिळं मुंबईला धुवायला गेली. मी मराठी अक्षरं लिहून दिली. सगळं जुळून सिनेमा हातात यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात गावातल्या दुसऱ्या थिएटरात बोलपट लागला. पडद्यावरची माणसं गातात, बोलतात! लोक वेडे झाले. जो तो तिकडे. आमच्याकडे कोण येणार? साहेब दोन दिवस आपल्या ट्रंकेवर बसून होते. मुंबईत जे झालं तेच पुन्हा. हे म्हणाले, "काही असो, मावशीला दाखवल्याशिवाय राहायचं नाही." मंद्रूपच्या मंडळींना उजेडात परत पोचता यावं म्हणून पहिला खेळ दुपारी ठेवला.

गाड्या भरभरून माणसं आली. मावशी बायकांच्या जागेत माझ्या शेजारी बसली. पुढं गावातली तरुण पोरंही बरीच होती, ती बोलपट बघून शेफारलेली. सिनेमा सुरू झाला आणि दोन मिनिटांत त्यांनी कालवा केला. "आवाज सोडा! आवाज कुठाय?" हे उभं राहून अक्षरं वाचत होते ते कुणाला ऐकू जाईना. दाराशी उभ्या असलेल्या साहेबांकडे मी आमच्या आडपडद्याच्या फटीतून बघितलं. त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली होती, निघायच्या तयारीनं.

पडद्यावर निरोपाचा प्रसंग आला. शेजारून एकदम मोठ्यानं आवाज झाला, "आरं लेकरा, भाकर इसरू नगं!"

मावशी. ती बसल्या जागेवरून पडद्यावरच्या मुलाशी बोलत होती. किल्ल्यात बोलली होती तेच, जसंच्या तसं. पोरं हसली. पण तिला कुठं भान होतं? "दोन घ्ये. वाटंत भुका लागत्याल." ओठ आणि शब्द असे जुळले की हसणारे गप्प झाले. मग पुरुषांतून एक दबका आवाज आला, "अम्मा, पोई वस्ता." आई, जाऊन येतो. तो विणकर तरुण उभा राहिला होता. पुढच्या प्रसंगात चाचा बाकावर चढले आणि गरजले, "अबे छोकरे, मेरे किल्ले में आया तो सर नीचे कर!" हार्मोनियमवाल्यानं वाजवणं थांबवलं. हे कागद हातात धरून नुसते बघत राहिले.

साहेब धावत फटीजवळ आले. "काय चाललंय? काय बोलतायत?"

"तेव्हा बोलले होते तेच बोलतायत."

"कुणालाही थांबवू नका," ते म्हणाले.

आणि मग ती हाक. मावशी उभी राहिली, जीभ टाळूला लावून तिनं लांब हाक दिली, "हुर्र्र्र हाऽऽ!" पडद्यावर शंभरएक मेंढरांच्या माना एकदम वळल्या. शिलेदाराची मान वळली. बाहेर गाडीला बांधलेली कुणाची तरी शेळी ओरडली. सारं थिएटर उठून उभं राहिलं. जी पोरं आवाज मागत होती त्यांनी टोप्या उडवल्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी तिघांना पडद्याच्या मागं उभं केलं. सकाळी तालीम, दुपारी आणि संध्याकाळी खेळ. आपल्या गावात एका पेठेतून दुसरीत जाताना तीन भाषा कानावर पडतात, तेव्हा आई मराठीत, मुलगा तेलुगूत आणि सरदार दख्खनीत बोलतो याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उलट दुसऱ्या थिएटरातल्या बोलपटापेक्षा हे खरं वाटायचं. पहारेकऱ्याच्या मरणाला साहेब स्वतः पडद्यामागून ओरडायचे, "मेलो की गं आये!" त्याला वन्समोअर मिळायचा. मग ते पडद्यापुढं येऊन प्रत्यक्ष मरून दाखवायचे. "रशियात मला वन्समोअर कधी मिळाला नाही," ते म्हणायचे, "मेल्यावर तर नाहीच."

दुसऱ्या आठवड्यात यांचा घसा बसला. आवाज फुटेना. त्या दिवशी दुपारी खास बायकांचा खेळ होता आणि मधली अक्षरं वाचायला कुणी नव्हतं. साहेबांनी कागद माझ्या हातात दिला.

"मी? चारचौघींत?"

"तुम्ही दाराआडून बोलत होता," ते म्हणाले. "हे त्याहून सोपं. इथं तुमच्याकडे कुणी बघतही नाही."

पहिली ओळ मी खांबाआडून वाचली. तिसऱ्या ओळीला लुगड्याचा बोंगा सावरत मी पडद्याच्या बाजूला येऊन उभी राहिले. सातआठ ओळींनंतर कागद बघायची गरज उरली नाही, मीच लिहिलेलं होतं ते. खेळ संपल्यावर एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "बाई, पुढच्या खेपेलाबी तूच वाच. मालकांचं कळतं, पर तुजं पटतं." घसा बरा झाल्यावरही बायकांचे खेळ यांनी माझ्याकडेच ठेवले. सिनेमाआधी दहा मिनिटं मी त्यांना वर्तमानपत्रही वाचून दाखवायला लागले. थिएटर बोलकं झालं तरी ती दहा मिनिटं बंद झाली नाहीत.

आम्ही सिनेमा घेऊन मोहोळला गेलो, वळसंगला गेलो. वळसंगला बघणाऱ्यांतल्या एकानं सरदाराला कानडीत असं उत्तर दिलं की चाचा पडद्यामागून बाहेर येऊन त्याच्याशी भांडले. रीळ झिजून तुटेपर्यंत तो सिनेमा चालला.

मद्रासच्या एका सिनेमा कंपनीचा माणूस सोलापुरात कापड घ्यायला आला होता. त्यानं खेळ बघितला. महिन्याभरात साहेबांना पत्र आलं. भाषा न येणारा माणूस बोलपट कसा करेल, हा प्रश्न त्या लोकांना पडलाच नाही. त्यांच्या माणसानं डोळ्यांनी बघितलं होतं. निघताना मावशीनं साहेबांच्या खांद्यावर नवी घोंगडी टाकली. मद्रासच्या उकाड्यात तिचा काय उपयोग, हे कुणीही बोललं नाही.

पत्रं यायची. सिनेमा कधी तेलुगू, कधी तमिळ, एकदा दोन्ही एकदम. आधी असे आठ-दहा सिनेमे काढले, पुढं दिग्दर्शन तरुणांकडे गेलं आणि साहेब पुन्हा नट झाले. आता म्हाताऱ्याच्या कामासाठी वाकावं लागत नाही, असं त्यांनी एका पत्रात लिहिलं होतं.

काही वर्षांनी तार आली. मुंबईहून मद्रासला जाताना मेल सोलापूरला थोडा वेळ थांबेल, भेटा. आम्ही दोघं शेंगापोळ्यांचा डबा घेऊन स्टेशनावर गेलो. साहेब तेवढेच उंच, केस पूर्ण पांढरे. खिडकीतून डबा घेतला, लगेच एक पोळी खाल्ली, मावशीची चौकशी केली. मावशीला नातू झाला होता, ते सांगितलं.

"उद्या काय काम आहे?" मी विचारलं.

त्यांचे डोळे चमकले. "म्हातारा पोस्टमन. दोन पानं संवाद, सगळे तमिळमध्ये. पाठ केलेत. दाखवू?"

ते फलाटावर उतरले. खांद्यावर नसलेली पिशवी अडकवली आणि सुरू झाले. हमाल थांबले. चहावाला थांबला. गार्डानं शिट्टी दिली, साहेब बोलत बोलतच डब्याच्या पायरीवर चढले, दांडीला धरून पुढचं वाक्य म्हणाले, गाडी हलली, आणि फलाट संपेपर्यंत त्यांचा हात आणि आवाज येत राहिला.

हे टाचा उंचावून बघत होते. "काय म्हणाले गं ते?"

"मला कुठं तमिळ येतंय?" मी म्हटलं. "पण त्या पोस्टमनच्या पिशवीत एक वाईट बातमीचं पत्र आहे, आणि ते द्यायचं त्याच्या जिवावर आलंय, एवढं नक्की."